सत्यशोधन (मानवी हक्क)

हा लेख मानवी हक्कांच्या क्षेत्रातील चौकशीच्या पद्धतीविषयी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेसाठी सत्यशोधक समाज हा लेख पहावा.

सत्यशोधन किंवा तथ्यशोधन म्हणजे नागरिकांच्या हक्कांचे उल्लंघन झाल्याची तक्रार आली असता घटनास्थळी जाऊन, पीडित, साक्षीदार आणि अधिकारी यांच्याकडून माहिती घेऊन, ती पडताळून पाहून लेखी अहवालाच्या रूपाने मांडण्याची पद्धत होय. हे काम नागरी हक्क संघटना, समाजकार्याच्या शिक्षणसंस्था, पत्रकार, वैद्यकीय तज्ज्ञ आणि निवृत्त न्यायाधीश करतात. कधी कधी न्यायालये व वैधानिक आयोगही अशी चौकशी सोपवतात. कोठडीतील छळ, चकमकीतील मृत्यू, जातीय दंगली, विस्थापन, विशेष सुरक्षा कायद्यांचा वापर हे तिचे नेहमीचे विषय आहेत.

राज्याची सुरक्षितता आणि व्यक्तीचे हक्क यांच्यातील संघर्ष बहुधा तत्त्वांचा संघर्ष म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र अशा बहुतेक वादांत आधीचा प्रश्न वस्तुस्थितीचा असतो: मृत व्यक्ती सशस्त्र होती काय, अटकेची वेळ कोणती, कोठडीत काय घडले. या प्रश्नांची उत्तरे कोणी शोधावीत, ती कोणासमोर मांडावीत आणि कोणती माहिती गुप्त राहावी, यावरच पुष्कळदा वादाचा निकाल अवलंबून असतो. त्यामुळे सत्यशोधनाला या संघर्षात मध्यवर्ती स्थान आहे.

स्वरूप

समाजकार्याच्या क्षेत्रात सामाजिक चौकशीची परंपरा जुनी आहे. गुन्हेगार परिविक्षा अधिनियम, १९५८ अन्वये परिविक्षा अधिकारी आरोपीची कौटुंबिक, आर्थिक व सामाजिक परिस्थिती तपासून न्यायालयाला अहवाल देतो. बालन्याय अधिनियम, २०१५ मध्येही मुलांच्या बाबतीत सामाजिक तपास अहवालाची तरतूद आहे. या चौकशीचा हेतू व्यक्तीला तिच्या परिस्थितीसह समजून घेणे हा असतो.

मानवी हक्कविषयक सत्यशोधनाने या पद्धतीतील गृहभेट, एकांतातील मुलाखत, कागदपत्रांची पडताळणी ही साधने स्वीकारली. मात्र चौकशीची दिशा बदलली. परिविक्षा अधिकारी राज्याच्या वतीने व्यक्तीची चौकशी करतो. सत्यशोधन समिती नागरिकांच्या वतीने राज्याच्या वर्तनाची चौकशी करते.

पोलीस तपास आणि चौकशी आयोग यांहून सत्यशोधन वेगळे आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदारांना समन्स काढण्याचे व शपथेवर साक्ष घेण्याचे अधिकार असतात. नागरी सत्यशोधन समितीला असा कोणताही अधिकार नसतो. तिला कोणी उत्तर देण्यास बांधील नसतो आणि तिचा अहवाल हा स्वतःहून न्यायालयीन पुरावा ठरत नाही. तिचे वजन सदस्यांची विश्वासार्हता, पद्धतीचा काटेकोरपणा आणि मांडणीचा संयम यांवरच अवलंबून असते.

इतिहास

पंजाब चौकशी (१९१९–२०)

भारतातील या परंपरेचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे जालियनवाला बाग हत्याकांड व पंजाबातील लष्करी कायद्याच्या काळातील अत्याचार यांची काँग्रेसने केलेली चौकशी होय. मार्च १९१९ मध्ये संमत झालेल्या रौलट कायद्याने राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली विनाचौकशी स्थानबद्धतेचे अधिकार सरकारला दिले होते. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथे जनरल डायर याच्या हुकुमावरून निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला.

सरकारने लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पंजाबातील तुरुंगात असलेल्या पुढाऱ्यांना समितीसमोर बाजू मांडण्यासाठी मोकळे करण्याची मागणी मान्य न झाल्याने काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला आणि स्वतंत्र उपसमिती नेमली. महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी तिच्या अहवालावर सह्या केल्या. मसुदा मुख्यतः गांधीजींनी केला. उपसमितीने १,७०० हून अधिक जबाब तपासले आणि त्यांपैकी सुमारे ६५० प्रसिद्ध केले. अहवाल मार्च १९२० मध्ये, म्हणजे हंटर समितीच्या अहवालाच्या आधी, प्रकाशित झाला.

मृतांच्या आकड्याचा प्रश्नही या संदर्भात उल्लेखनीय आहे. हंटर समितीने ग्राह्य धरलेला ३७९ मृतांचा आकडा सेवा समिती या समाजसेवी संस्थेने केलेल्या स्वतंत्र शोधावर आधारलेला होता. काँग्रेसच्या अंदाजानुसार मृतांची संख्या एक हजाराच्या आसपास होती. हंटर समितीतील सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासह तिन्ही भारतीय सदस्यांनी वेगळा, अल्पमताचा अहवाल दिला.

नागरी हक्क संघटनांचा उदय

१९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियनची स्थापना झाली. रवींद्रनाथ ठाकूर तिचे मानद अध्यक्ष आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष होत्या. स्वातंत्र्यानंतर या स्वरूपाचे काम काही काळ मंदावले.

२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळाने त्याला नवी निकड दिली. अंतर्गत सुरक्षा अधिनियमाखाली (मिसा) हजारो लोक विनाचौकशी स्थानबद्ध झाले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर जिल्हा दंडाधिकारी खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या अटकेला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना यांचे मत विरोधी होते. याचा अर्थ असा की, अटक चुकीची असली तरी ती चुकीची आहे हे तपासण्याची जागाच उरली नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ खालील हक्कांच्या अंमलबजावणीचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही अशी तरतूद केली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने जबलपूर निकाल रद्दबातल ठरवला.

जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेतून पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) आणि पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स (पीयूडीआर) या दोन संघटना आकारास आल्या. १९७७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, मूळचे सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आंध्र प्रदेशात नक्षलवादी ठरवून मारल्या गेलेल्या तरुणांच्या चकमकींची चौकशी केली. के. जी. कण्णबिरन व अरुण शौरी हे तिचे सदस्य होते. चकमकीच्या सरकारी वृत्तांतावर पद्धतशीर शंका घेणारी ही आरंभीची महत्त्वाची नागरी चौकशी मानली जाते.

१९८४ ते १९९३

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर दिल्लीत शीखविरोधी हिंसाचार झाला. पीयूडीआर आणि पीयूसीएल यांनी त्याच महिन्याच्या पुढील महिन्यात संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. हिंसाचार उत्स्फूर्त नसून संघटित होता, असा त्याचा निष्कर्ष होता. दिल्लीतील मृतांचा २,७३३ हा अधिकृत आकडा १९८७ मध्ये आहुजा समितीने निश्चित केला. या प्रकरणात माजी खासदार सज्जन कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी दोषी ठरवले, तेव्हा घटनेला ३४ वर्षे उलटली होती. चौकशीला लागलेले दिवस आणि न्यायाला लागलेली वर्षे यांतील हे अंतर सत्यशोधनाच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून दिले जाते.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबई दंगलींची नागरी चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश एस. एम. दाऊद आणि होस्बेट सुरेश यांनी केली. त्यांचा अहवाल १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला. राज्य सरकारने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल सादर केला. आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदवली. हा आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने गुंडाळला होता. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा कार्यान्वित झाला.

समाजकार्य आणि न्यायालय: शीला बर्से खटला

समाजकार्यातील चौकशी आणि हक्कांचे संरक्षण यांचा थेट मेळ शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिसतो. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले.

न्यायालयाने पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून न राहता निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहास भेट देऊन अहवाल देण्यास सांगितले. मुलाखतीच्या वेळी अन्य कोणीही जवळ किंवा संभाषण ऐकू येईल इतक्या अंतरावर असू नये, अशी स्पष्ट अट न्यायालयाने घातली. समाजकार्यकर्त्याच्या नित्याच्या शिस्तीला, म्हणजे एकांत व विश्वास यांना, अशा प्रकारे न्यायालयीन आदेशाचे बळ मिळाले. देसाई यांच्या अहवालातून महिला कैद्यांना वकिलाची मदत मिळत नसल्याचे चित्र पुढे आले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. महिला आरोपींसाठी शहरात चार-पाच स्वतंत्र कोठड्या निवडून तेथे महिला पोलिसांचा पहारा ठेवावा, महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटक होताच अटकेचे कारण सांगावे व विधी साहाय्य समितीला कळवावे, छळाची तक्रार आहे काय हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला विचारावे, आणि शहर सत्र न्यायाधीशाने कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात, असे निर्देश देण्यात आले. १९८७ मधील दुसऱ्या निकालात न्यायालयाने पत्रकाराला कैद्यांची भेट घेता येते, परंतु ती कैद्याच्या संमतीने व कारागृहाच्या वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्रात समाजकार्य शिक्षणाचा या क्षेत्राशी संबंध पुढेही राहिला. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय म्हणून सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९० मध्ये सुरू झालेला संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प कारागृहे व पोलीस कोठड्यांतील व्यक्तींसाठी काम करतो.

कार्यपद्धती

सत्यशोधनाची एकच अधिकृत नियमावली नाही. तथापि प्रचलित पद्धतीत पुढील टप्पे आढळतात.

पूर्वतयारी: प्रथम खबर अहवाल, वृत्तपत्रांतील बातम्या, सरकारी निवेदने यांचा अभ्यास करून प्रश्नावली तयार केली जाते. समितीत शक्यतो वकील, डॉक्टर, समाजकार्यकर्ता आणि स्थानिक भाषा जाणणारी व्यक्ती असते. पीडित महिला असल्यास समितीत महिला सदस्य असणे आवश्यक मानले जाते.

जबाब: प्रत्येक साक्षीदाराची मुलाखत स्वतंत्रपणे व एकांतात घेतली जाते. प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांची नोंद वेगळी ठेवतात. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळले जातात.

पडताळणी: जबाबांची पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रुग्णालयाच्या नोंदी, स्टेशन डायरी आणि घटनास्थळ यांच्याशी तुलना केली जाते. छळाच्या खुणांच्या वैद्यकीय नोंदीसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९) आणि संशयास्पद मृत्यूंच्या तपासासाठी मिनेसोटा प्रोटोकॉल (१९९१, सुधारित २०१६) ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे उपयोगी पडतात.

दुसरी बाजू: संबंधित पोलीस, महसूल किंवा लष्करी अधिकाऱ्यांची भेट मागितली जाते. भेट नाकारली गेल्यास अहवालात तशी नोंद केली जाते.

अहवाल: निरीक्षणे, निष्कर्ष व शिफारशी वेगळ्या मांडल्या जातात. जे सिद्ध झाले नाही त्याबद्दल तसे नमूद करणे हा चांगल्या अहवालाचा निकष समजला जातो.

साक्षीदाराची सुरक्षितता

सत्यशोधनातील सर्वांत अवघड प्रश्न साक्षीदाराच्या सुरक्षिततेचा आहे. समिती एक-दोन दिवसांत परत जाते; जबाब देणारी व्यक्ती मात्र त्याच गावात, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहते. म्हणून माहिती कशासाठी घेतली जात आहे, ती कोठे प्रसिद्ध होईल आणि तिचे परिणाम काय होऊ शकतील, हे आधी समजावून संमती घेणे बंधनकारक मानले जाते. नुकसानभरपाई किंवा न्याय मिळवून देण्याचे आश्वासन देऊ नये, असाही संकेत आहे. आघात झालेल्या व्यक्तीला तोच प्रसंग पुनःपुन्हा सांगावा लागू नये, याची काळजी घेतली जाते.

या नैतिक बंधनाला भारतीय कायद्याचे पुरेसे पाठबळ नाही. वकील व त्याचे अशील यांच्यातील संभाषणाला कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. समाजकार्यकर्ता, संशोधक किंवा नागरी हक्क कार्यकर्ता यांच्या टिपणवह्यांना तसे संरक्षण नाही. गुन्ह्याच्या तपासात संगणक, भ्रमणध्वनी व कागदपत्रे जप्त होऊ शकतात. परिणामी, नाव गुप्त ठेवण्याचे वचन देणाऱ्याला ते पाळता येईलच, याची शाश्वती नसते.

राज्याची सुरक्षितता आणि कायदा

नागरिकांचे जीवित सुरक्षित राखणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. दहशतवाद आणि सशस्त्र बंडखोरी यांमुळे जगण्याचा हक्कच धोक्यात येतो. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला किंवा गडचिरोली जिल्ह्यातील भूसुरुंग स्फोट यांचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. त्यामुळे सुरक्षिततेचा दावा स्वभावतः हक्कविरोधी ठरत नाही. वाद असतो तो दाव्याच्या पडताळणीचा.

राज्यघटनेतही ही ओढाताण दिसते. अनुच्छेद २२(५) अन्वये प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची कारणे संबंधित व्यक्तीला सांगावी लागतात. त्याच अनुच्छेदाच्या खंड (६) नुसार जी तथ्ये उघड करणे लोकहिताच्या विरुद्ध वाटेल, ती उघड करणे शासनावर बंधनकारक नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील प्रमुख सुरक्षा कायद्यांत सशस्त्र दले विशेषाधिकार अधिनियम, १९५८ (अफ्स्पा), बेकायदा हालचाली प्रतिबंधक अधिनियम, १९६७ (यूएपीए), राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम, १९८०, टाडा (१९८५–९५), पोटा (२००२–०४) आणि महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मकोका) यांचा समावेश होतो. जामिनावरील कठोर निर्बंध, स्थानबद्धतेचे विस्तृत अधिकार किंवा खटल्यापूर्वी सरकारी परवानगीची अट ही यांपैकी निरनिराळ्या कायद्यांची वैशिष्ट्ये आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. शहरी भागातील माओवादी संघटनांना आळा घालण्यासाठी ते आवश्यक असल्याचे सरकारचे म्हणणे होते. त्यातील व्याख्या संदिग्ध असून वैध आंदोलनेही तिच्या कक्षेत येतील, असा विरोधकांचा आक्षेप होता.

संस्थात्मक पडताळणीची चौकटही याच काळात उभी राहिली. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. कोठडीतील प्रत्येक मृत्यू २४ तासांच्या आत कळवावा, असा निर्देश आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिला. तथापि अधिनियमाच्या कलम १९ नुसार सशस्त्र दलांविरुद्धच्या तक्रारींत आयोग स्वतः तपास करू शकत नाही. तो केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २४ ने गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना सूट दिली आहे, परंतु भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या आरोपांशी संबंधित माहिती या सूटीतून वगळली आहे.

महत्त्वाची प्रकरणे

मुंबईतील चकमकी: १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मारल्या गेल्या. या चकमकींच्या सत्यतेला पीयूसीएलने न्यायालयात आव्हान दिले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवणे, अन्य पोलीस ठाण्याच्या किंवा गुन्हे अन्वेषण विभागाच्या पथकाकडून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी यांचा त्यांत समावेश आहे.

सलवा जुडूम आणि बिनायक सेन: छत्तीसगडमध्ये २००५ साली माओवाद्यांविरुद्ध सुरू झालेल्या सलवा जुडूम मोहिमेची पीयूसीएल व अन्य संघटनांनी त्याच वर्षी चौकशी केली. बालरोगतज्ज्ञ आणि पीयूसीएलचे पदाधिकारी डॉ. बिनायक सेन या चौकशीत सहभागी होते. १४ मे २००७ रोजी त्यांना माओवाद्यांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून अटक झाली. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप सुनावली. १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन मंजूर केला. दरम्यान, समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर व अन्य याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी माओवाद्यांविरुद्धच्या कारवाईत विशेष पोलीस अधिकारी म्हणून स्थानिक तरुणांचा वापर थांबवण्याचा आदेश दिला.

मणिपूर: मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून १,५२८ कथित न्यायबाह्य हत्यांची यादी सादर केली. न्यायालयाने नेमलेल्या न्या. संतोष हेगडे आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली आणि त्यांपैकी एकही खरी चकमक नसल्याचे नोंदवले. अशांत क्षेत्रातही सशस्त्र दलांना फौजदारी जबाबदारीतून संपूर्ण मुक्तता नाही, असे न्यायालयाने ८ जुलै २०१६ रोजी म्हटले आणि २०१७ मध्ये काही प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

एल्गार परिषद प्रकरण: पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या आणि २०२० पासून राष्ट्रीय तपास संस्थेकडे असलेल्या या प्रकरणात १६ वकील, अध्यापक, कवी व कार्यकर्ते यांना अटक झाली. त्यांचा माओवाद्यांशी संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप आहे; आरोपींनी तो नाकारला आहे. इतिहासकार रोमिला थापर व अन्य चौघांची स्वतंत्र विशेष पथकामार्फत तपासाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने फेटाळली. तपास यंत्रणा निवडण्याचा अधिकार आरोपीला नाही, असे बहुमत होते, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतंत्र तपासाच्या बाजूने भिन्नमत दिले. आरोपींपैकी फादर स्टॅन स्वामी यांनी झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांच्या स्थितीचा अभ्यास केला होता. वयाच्या ८४ व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, न्यायालयीन कोठडीत असताना मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

मोहोरबंद लिफाफा: मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीला सुरक्षाविषयक मंजुरी नाकारण्याची कारणे केंद्र सरकारने न्यायालयाला मोहोरबंद लिफाफ्यात दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी वाहिनीवरील बंदी रद्द केली. केवळ राष्ट्रीय सुरक्षिततेचा उच्चार केल्याने न्यायालयीन तपासणी टळत नाही, आणि गोपनीयता आवश्यक असली तरी ती प्रमाणाबाहेर असू नये, हे तत्त्व या निकालाने स्पष्ट केले. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवालही कायद्याने गोपनीय असतो. पण त्याचा आशय आरोपीला सांगून उत्तराची संधी देण्याची मुभा १९५८ च्या अधिनियमातच आहे. गोपनीयता आणि सुनावणी यांचा मेळ घालता येतो, याचे ते जुने उदाहरण आहे.

टीका आणि मर्यादा

सत्यशोधनावर दोन्ही बाजूंनी टीका होते. शासन व सुरक्षा दलांचा आक्षेप असा की, समित्या पूर्वग्रहाने येतात, थोड्या वेळात मोजक्या लोकांना भेटतात आणि सशस्त्र गटांच्या हिंसेबद्दल मौन बाळगतात. हा शेवटचा प्रश्न चळवळीच्या आतही गांभीर्याने चर्चिला गेला. आंध्र प्रदेशातील विचारवंत के. बालगोपाल (१९५२–२००९) यांनी, हक्कांच्या चळवळीने नक्षलवादी गटांच्या हिंसेचेही स्वतंत्रपणे मूल्यमापन करावे, अशी भूमिका घेतली. या मतभेदातून ते आपल्या जुन्या संघटनेतून बाहेर पडले आणि १९९८ मध्ये ह्यूमन राइट्स फोरम या संघटनेची स्थापना झाली. चौकशीचा निकष सर्वांना सारखा लावला, तरच तिच्या निष्कर्षांना वजन येते, हे या भूमिकेचे सार होते.

पीडितांच्या बाजूने होणारी टीका वेगळी आहे. एकाच घटनेनंतर अनेक समित्या येतात, तेच प्रश्न विचारतात आणि निघून जातात. अहवाल बहुधा इंग्रजीत, महानगरांत प्रसिद्ध होतात. ज्यांनी जबाब दिले त्यांच्या भाषेत आणि गावात ते क्वचितच परत येतात. आपल्या शब्दांचे पुढे काय झाले हे कळण्याचा जबाब देणाऱ्याचा हक्क समाजकार्याच्या नीतीतून निघतो. तो पाळला न गेल्यास ज्यांच्या हक्कांसाठी चौकशी झाली ते केवळ माहितीचे साधन ठरतात. या कारणाने काही संघटना स्थानिक भाषेत सारांश काढणे आणि अहवाल प्रसिद्ध करण्याआधी तो जबाब देणाऱ्यांना वाचून दाखवणे यांवर भर देतात.

हेही पहा

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग
महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग
जालियनवाला बाग हत्याकांड
श्रीकृष्ण आयोग
आणीबाणी (भारत)
जनहित याचिका